डिकीतला डावा हात

माणसाला दोन कान कशासाठी दिले असावेत, याविषयी उद्धवरावांचं स्वतःचं एक मत होतं. एक घरच्यांसाठी आणि एक कीर्तनासाठी. त्यातला घरच्यांचा कान शिफ्ट सुटेपर्यंत पार दमून जाई आणि मग चाकणहून आकुर्डीला परतताना दुसरा जागा होई. काचा वर, कुठल्या तरी गावच्या सप्ताहातलं कीर्तन लावलेलं, पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मधे उद्धवराव अर्धे डोळे मिटून बसलेले. त्या रस्त्याला सारं जग शिव्या देतं. उद्धवरावांना मात्र मनापासून वाटे, की कीर्तन ऐन निरूपणात तुटू नये म्हणून कोणा सज्जनानेच तो रस्ता तुंबवून ठेवला असावा.

नोकरीही कानाचीच होती. गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत ते क्वालिटीत होते. तयार झालेला गिअरबॉक्स फिरवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. आतून जरासं जरी 'कुईं' आलं, तरी तो बाजूला. यंत्राने पास केलेले नगसुद्धा उद्धवराव मान हलवून परत पाठवत. लाइनवरची पोरं दात-ओठ खात, पण त्यांच्या कानापुढे कुणाचं चालत नसे.

अशा या कानाच्या माणसाला त्याच्या आईने एका रविवारी साफ नापास केलं.

आई म्हणजे गोजाबाई. मूळ घर चाकणच्या पलीकडल्या वाडीचं. जमीन कंपन्यांत गेली, मुलगा आकुर्डीच्या फ्लॅटात आला, त्याच्यामागून त्याही आल्या. त्यांचे यजमान बबनराव वाडीच्या सप्ताहात पखवाज वाजवत. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण त्यांच्या हातच्या एका काल्याच्या कीर्तनाची कॅसेट ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, सुखरूप राहिली होती. कीर्तन चिमाजीबुवांचं. उद्धवरावांचा मुलगा जयदीप हिंजवडीला कामाला आणि मारुंजीला खोली करून. त्याने ती कॅसेट पिंपरीतल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणली. गोजाबाईंना गाडीत मागे डाव्या बाजूला, त्यांच्या ठरलेल्या जागेवर बसवलं आणि उद्धवरावांनी कीर्तन लावलं.

बुवांचा आवाज आला, टाळ आले, पखवाजाचे बोलही आले. गोजाबाई कानामागे तळवा धरून ऐकत राहिल्या. मग तळवा खाली घेतला.

"ह्यो तुझा बा न्हाई."

"अगं आई, आबाच आहेत ते."

"ह्याला डावा हातच न्हाई," गोजाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाला डावा हात व्हता."

आता यातलं वर्म ज्याने मांडवात पहिल्या रांगेत बसून कीर्तन ऐकलंय त्यालाच कळेल. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते. तिचा बोल टणक, कानाला लागणारा. डाव्या तोंडाला मात्र ऐनवेळी ओल्या कणकेचा गोळा थापतात आणि त्या हाताने मारलेली थाप कानाला न लागता बरगड्यांना लागते. जमिनीतून वर येते आणि मांडी घालून बसलेल्या माणसाला आतून हलवते. त्या 'धुम्'शिवाय पखवाज म्हणजे नुसती टिचकी. आणि उद्धवरावांच्या गाडीचे दरवाज्यातले स्पीकर वाटीएवढे. त्यांच्यातून उजवा हात बाहेर येई, डावा आतच राही.

उद्धवरावांना हे कळलं आणि फार लागलं. गिअरबॉक्समधलं 'कुईं' पकडणाऱ्या कानाला आपल्या बापाचा अख्खा हात गहाळ झालेला कळू नये. त्यात गोजाबाईंचा एक कान केव्हाच गेलेला आणि दुसराही हळूहळू त्याच वाटेला लागलेला. तो आहे तोवर तिला आबांचा डावा हात ऐकवायचा, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं. घरात मोठा स्पीकर आणण्याचा प्रश्न नव्हता, कारण खालच्या फ्लॅटात मारुतराव राहत. मारुतराव सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि वरच्या मजल्यावर कुणी लसूण ठेचला तरी ते मिनिट्समध्ये घेत.

म्हणजे गाडीच. जयदीपने फोनवर सांगितलं, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर बसवून घ्या, काम फत्ते. हे उद्धवरावांनी पार्किंगमधल्या बाकावर सहज बोलून दाखवलं, आणि तिथेच चुकलं. त्या बाकावर आयुष्यात कुणी सहज काही बोललेलं नाही. एकाने सांगितलं, की त्याच्या साडूची गाडी अशाच वायरिंगने पेटली होती. मग असं निघालं, की पेटली नव्हती, चोरीला गेली होती, पण कारण तेच. दुसऱ्याने सल्ला दिला, की वूफर घ्यायचा तर चांगला टोपल्याएवढा घ्या, नाहीतर घेऊ नका. मारुतरावांनी पानाची पिंक आवरत एवढंच सांगितलं, की गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहत असल्याने तिच्या डिकीत काय आहे हे जाणून घेण्याचा कमिटीला हक्क पोहोचतो.

इनायतभाईंचं दुकान पिंपरीत होतं. माणूस अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून. बेसविषयी बोलताना ते मुरलेल्या लोणच्याविषयी बोलावं तसे बोलत. बेस कानाने ऐकायचा नसतो, पाठीने ऐकायचा, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून उद्धवरावांना गुरू भेटल्यासारखं झालं. त्यांनी पेनड्राइव्ह लावून दाखवला. इनायतभाईंनी जरा वेळ ऐकलं.

"काका, ह्यात बेस कुठाय?"

"तोच तर हरवलाय," उद्धवराव म्हणाले आणि आबांची, कणकेची, डाव्या हाताची सगळी हकीकत सांगून बसले. इनायतभाई एवढा वेळ गप्प बसल्याचं दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. मग ते म्हणाले, की आजवर लग्नाच्या वरातींना आणि कॉलेजच्या पोरांना बेस पुरवला, कुणी बापाचा हात मागायला आलं नव्हतं. आता हे काम हातचं सोडलं तर घरी अम्मी जेवायला वाढणार नाही.

अडलं ते तारांवर. बॅटरी पुढे बॉनेटखाली, अ‍ॅम्प्लिफायर मागे डिकीत. तेव्हा करंटची जाड तार पुढून मागे न्यायची आणि आवाजाची बारीक तारही पुढून मागे न्यायची. इनायतभाईंचा शिरस्ता असा, की एक गाडीच्या उजव्या अंगाने, एक डाव्या अंगाने. दोघींना एकत्र नेलं की करंटवाली आवाजवालीच्या कानाशी कुजबुजते आणि स्पीकरमधून शिट्टी येते.

"डावीकडून नाही," उद्धवराव म्हणाले. "डावीकडे आई बसते."

इनायतभाईंनी समजावून पाहिलं, की तार गालिच्याखालून जाते, वर प्लास्टिकचं कवच असतं, त्यात करंट तो केवढा. उद्धवराव ढिम्म. ज्या पायांवर रोज सकाळी डोकं ठेवायचं त्या पायांखालून करंट खेळवायचा, हे त्यांना कुठल्याच शास्त्रात बसेना. मग आवाजवाली तरी न्या, असं इनायतभाई म्हणाले. तर तिच्यातून चिमाजीबुवांची वाणी जाणार. बुवांची वाणी पायाखालून न्यायची? अखेर इनायतभाईंनी कपाळाचा घाम पुसला, शिट्टी कधी येते कधी येत नाही, नशिबाची गोष्ट आहे असं पुटपुटले आणि दोन्ही तारा उजव्या अंगाने एकत्र नेल्या. निघताना एकच ताकीद दिली: इंजिन बंद ठेवून हे वाजवायचं नाही, बॅटरी झोपते.

घरी रंभाबाईंनी, म्हणजे उद्धवरावांच्या सौभाग्यवतींनी, डिकी उघडून हळदकुंकू वाहिलं. टोपल्याएवढा वूफर खोक्यात उताणा बसला होता. रंभाबाई म्हणाल्या, की अहो, भाजीच्या पिशव्या आता ठेवायच्या कुठे. असल्या ऐहिक प्रश्नाला उत्तर देण्याची ती वेळ नव्हती. उद्धवरावांनी आईला मागे बसवलं, इंजिन सुरू केलं आणि बटण दाबलं.

प्रथम 'ठप्प' असा आवाज होऊन पार्किंगमधल्या झोपलेल्या तीन स्कूटरी किंचाळत उठल्या. मारुतरावांच्या शोकेसमधला काचेचा मासा खाली आला. मग या सगळ्याच्या वरून बारीक, लांबलचक सूर निघाला: कुईंईंई. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला की तो वर चढे, पाय काढला की खाली उतरे. आवाज वाढवावा तर तो वाढे, कमी करावा तर डावा हात पुन्हा गडप होई.

गोजाबाईंनी तळवा कानामागे धरला. "उद्धवा, ह्यात कुणाचं पोर रडतंय?"

कमिटीची तातडीची बैठक त्याच संध्याकाळी झाली. फलकावर सूचना लागली, की पार्किंगमध्ये धार्मिक अथवा अन्य स्वरूपाची कंपने करण्यास मनाई आहे. खाली मृत माशाचा उल्लेख होता. उद्धवराव दोनदा लिफ्टने न जाता जिन्याने गेले, कारण फलक लिफ्टशेजारी होता.

यापुढचे दिवस फार अपमानाचे गेले. गाडीच्या शोरूमच्या सर्व्हिसवाल्याने बॉनेट उघडलं, जाड लाल तार पाहिली आणि घरात साप दिसल्यासारखं बॉनेट बंद केलं. बाहेरचं वायरिंग आहे, म्हणाला, आता गाडीला शिंक आली तरी आमच्याकडे यायचं नाही. वॉरंटी त्या शिंकेबरोबर गेली. इनायतभाईंनी अर्थिंग बदललं, मधे एक डबी बसवली, तिच्यावर दुसरी डबी बसवली, प्रत्येक वेळी 'आता बघा' म्हणाले, आणि प्रत्येक वेळी दोघांनी मिळून पाहिलं. शिट्टी होती तशीच. "काका, आईच्या बाजूने नेऊ द्या," असं ते दर वेळी विचारत, आणि उद्धवराव दर वेळी मान हलवत.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते कंपनीच्या गेटवर. गाडी शिट्टी घालत आत शिरली, तेव्हा लाइनवरची पोरं चहाला उभी होती. ज्यांचे गिअरबॉक्स उद्धवरावांनी वर्षानुवर्षं एका 'कुईं'साठी परत पाठवले होते, ती सगळी मंडळी कपबशा खाली ठेवून गाडीभोवती गोळा झाली. एकाने बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, हुबेहूब उद्धवरावांसारखी मान हलवली आणि विचारलं, "राव, ही रिवर्कला पाठवायची का थेट भंगारात?"

आता देवाची लीला अशी, की माणूस पुरता हरला की त्यातच त्याला गोडी लागते. त्या संध्याकाळी उद्धवराव खालमानेने घरी निघाले होते. तळवड्याच्या अलीकडे रस्ता कधी नव्हे तो मोकळा मिळाला. पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर एका जागी स्थिर राहिला, शिट्टी एका सुरावर येऊन थांबली, आणि त्याच क्षणी चिमाजीबुवांनी अभंगाचं चरण उचललं. उद्धवरावांच्या अंगावर काटा आला. शिट्टी आणि बुवा एका सुरात होते. जणू बुवांच्या मागे कुणी वीणा धरून उभं होतं. बाहेर कारखान्यांचे दिवे लागत होते, पत्र्यांच्या शेडांवर पिवळा उजेड सांडत होता, आणि तो रस्ता, ते दुभाजक, ती कुठून कुठे जाणारी कंपनीची बस, सगळंच जरा जमिनीपासून वर उचलल्यासारखं वाटत होतं. वाडीला घर होतं तेव्हा इथे ज्वारीची रानं होती. संध्याकाळच्या वाऱ्याला ती अशीच एका सुरात बोलत. उद्धवराव त्या वेगाने, त्या सुरात, जात राहिले. वेग वाढला तर वीणा चढेल, कमी झाला तर उतरेल. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले, एक दुचाकीवाला शेजारी येऊन 'काका, गाडी चालवताय का वरात काढलीय' असं विचारून गेला. त्यांना ते टाळ वाटले.

घरी आल्यावर त्यांनी रंभाबाईंना सांगितलं, की शिट्टी आता सुरात लागली आहे. रंभाबाईंनी कपाळाला हात लावला. अहो, म्हणाल्या, तुम्हाला वीणा मिळाली, पण आत्याबाईंना हात कुठे मिळाला?

हे खरं होतं. आणि त्या रात्री उद्धवरावांना जेवण गेलं नाही.

वाडीच्या सप्ताहाची सांगता जवळ आली. काल्याच्या कीर्तनाला जायचं म्हणून सकाळीच तिघं निघाली; गोजाबाई मागे डावीकडे, रंभाबाई पुढे. मांडीवर लाह्यांचा डबा. चाकणपर्यंत शिट्टी चढत-उतरत आली. तळेगाव चौकाच्या अलीकडे मात्र सगळंच थांबलं. पुढे कुठे तरी एक ट्रेलर वळताना आडवा झाला होता. ट्रकवाले खाली उतरून सावलीला बसले, म्हणजे आता लवकर काही खरं नाही. वाडी तिथून हाकेवर, आणि काल्याची वेळ टळत चाललेली. गोजाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि पाय सीटवर घेतले, जशा त्या नेहमी घेत.

गाडी तापली होती. उद्धवरावांनी इंजिन बंद केलं, काचा खाली घेतल्या. इनायतभाईंची ताकीद आठवली. पण निदान जुना काला तरी आईच्या कानावर पडू दे, म्हणून त्यांनी किल्ली अर्धी फिरवून कीर्तन लावलं.

शिट्टी नव्हती.

इंजिनच थांबलेलं, तर शिट्टी येणार कुठून. एवढी साधी गोष्ट, पण आज्ञाधारक माणसाला ती आजवर कळली नव्हती. बुवांचा आवाज स्वच्छ आला, टाळ आले, आणि उद्धवरावांनी आवाज वाढवला.

धुम्.

सीटच्या पाठीतून आला तो. मग पुन्हा. डब्यातल्या लाह्या हलल्या. आरशात उद्धवरावांना दिसलं, गोजाबाईंनी डोळे उघडले होते. तळवा कानामागे नेलाच नव्हता. तो सीटवर सपाट टेकला होता.

"आला," त्या म्हणाल्या.

सावलीतला एक ट्रकवाला उठून जवळ आला आणि तसाच उभा राहिला. गोजाबाई ऐकत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कणीक कमी लावलीया. ऐकत न्हाई माणूस. थांबतोय बघ आता."

आणि पखवाज थांबला. चिमाजीबुवा बोलत राहिले, टाळ मंद चालू राहिले, डाव्या हाताची जागा रिकामी. आत कुठे तरी, त्या जुन्या सकाळी, एक माणूस मान खाली घालून कणकेचा गोळा दाबून बसवत होता. गोजाबाईंची बोटं सीटवर त्याच्याबरोबर दाबत होती. मग त्यांनी हात उचलला आणि खाली आणला, आणि त्याच वेळी असा धुमकार झाला, की चौकातला तो सगळा लोखंडी बाजार, कंटेनर, ट्रेलर, क्रेन, क्षणभर मांडवासारखा डोलल्याचा भास उद्धवरावांना झाला. रंभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. उद्धवरावांना पुढचं काही नीट दिसत नव्हतं, पण पुढे ट्रेलरच होता, त्यामुळे बिघडलं नाही.

बिघडलं ते रस्ता सुटल्यावर. किल्ली फिरवली, तर गाडीने 'टक्' एवढंच म्हटलं. बॅटरी झोपली होती; बुवांपुरता जीव होता, इंजिनापुरता नव्हता. मागून भोंग्यांचा कल्लोळ उठला. रंभाबाईंनी स्टेअरिंग धरलं, उद्धवराव आणि तो ट्रकवाला मागून ढकलू लागले. ट्रकवाला म्हणाला, की आजी उतरल्या तर गाडी हलकी होईल.

"कीर्तनातनं मधीच उठत न्हाईत," आतून उत्तर आलं.

तेव्हा आजीसकट, वूफरसकट आणि बुवांसकट गाडी ढकलली. धापा टाकणारे उद्धवराव आपोआप डाव्या हाताच्या थापेवर जोर लावत होते, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. इंजिन सुरू झालं, आणि त्याबरोबर शिट्टीही.

"आलं रडकं पोर," गोजाबाई म्हणाल्या. "उद्धवा, ते का रडतं रं?"

उद्धवराव अजून धापा टाकत होते, त्यामुळे खरं ते सांगून टाकलं. की दोन तारा एकत्र नेल्यात. की एक तुझ्या पायाखालून न्यायला हवी होती. की ते मनाला पटेना.

गोजाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "माझे पाय कधी खाली असत्यात का रं? मी तर मांडी घालून बसती." आणि पुढे म्हणाल्या, "जलमभर त्यो पखवाज माझ्या उशाला व्हता. मी कधी म्हनले का, ह्यो हितनं हलवा? जाऊ दे तार माझ्याखालनं."

काला चुकला. वाडीवर पोहोचेपर्यंत मांडव सोडायला घेतला होता. पण भावकीने प्रसाद ठेवला होता, आणि गोजाबाई सगळ्यांना सांगत होत्या, की आमी ऐकूनच आलो.

पुढच्या रविवारी सकाळी रंभाबाई पोळ्यांची कणीक मळत असताना गोजाबाईंनी त्यातला एक गोळा मागून घेतला. कशाला, ते कुणी विचारलं नाही. म्हातारं माणूस चिमण्यांना टाकत असेल, असं वाटलं. त्या जिन्याच्या कठड्याला धरून पार्किंगमध्ये जाऊन आल्या, हेही मारुतरावांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग गाडी पिंपरीला गेली. इनायतभाईंनी गालिचा उचलला, करंटची तार डाव्या अंगाने नेली. गोजाबाई तेवढा वेळ सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. उतरायला त्यांनी नकार दिला होता. काम उरकून इनायतभाई डिकीकडे गेले, आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

"काका, हे काय लावलंय?"

वूफरच्या बरोबर मधोमध ओल्या कणकेची एक पुरी थापलेली होती. कडा बोटाने नीट दाबून बसवल्या होत्या. त्यावर हळदकुंकू होतं. ते रंभाबाईंचं की आईचं, कळायला मार्ग नव्हता.

इनायतभाईंनी डोक्याला हात लावला. वूफरचा पडदा खराब होईल, मुंग्या लागतील, कंपनी हसेल, असं सगळं त्यांनी सांगितलं आणि खिशातून पाना काढून कणीक खरवडायला वाकले.

"थांबा," उद्धवराव म्हणाले. "आधी चालू करा."

इंजिन सुरू झालं. शिट्टी नव्हती. चिमाजीबुवा आले, टाळ आले, आणि मग तो आला. जाड, ओला, जमिनीखालून आल्यासारखा. उद्धवरावांनी डोळे मिटले आणि लाइनवर उभे राहत तसे उभे राहिले. इनायतभाईंचा पाना हवेतच राहिला. जरा वेळाने त्यांनीही डोळे मिटले.

"रोज ओली लावायची असती," मागच्या सीटवरून गोजाबाईंचा आवाज आला. "वाळली की काढायची. तुझा बा आळस करायचा."

उद्धवरावांनी हलक्या हाताने डिकी बंद केली.

"राहू द्या इनायतभाई," ते म्हणाले. "पास आहे."